रिकाम्या पत्त्याची खोली

१

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत, आणि तेही तोंडावर. दुसऱ्याच्या कोडमध्ये चूक दिसली की हातातलं काम टाकून ती त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राही आणि शिकवणी सुरू करी. जीभ धारदार होती, पण काम इतकं चोख की कुणी तिच्या वाटेला जात नसे.

गेले काही महिने ती एका वृद्धाश्रमासाठी ॲप बांधत होती. हे काम कंपनीकडे आलं तेही तिच्यामुळेच, कारण तिचे वडील, अप्पा, तिथेच राहत होते. त्यांना तिथे ठेवायचं तिनंच ठरवलं होतं. थोरली बहीण दूरच्या शहरात असायची. तिनं फोनवर रडून घेतलं, काही दिवस अबोला धरला आणि शेवटी एवढंच म्हणाली, "निदान रोज डोळ्यांना दिसतील असं काहीतरी कर." म्हणून प्रत्येक खोलीत भिंतीवर एक कॅमेरा बसला. घरच्यांनी आपापल्या माणसाचं पान उघडायचं, त्याला बघायचं, त्याच्या खोलीतले आवाज ऐकायचे. आश्रमातल्या कर्मचाऱ्यांना सगळ्या खोल्यांची यादी दिसे; घरच्यांना फक्त आपलं माणूस.

कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं, तिथून 'मागे' दाबलं तर कुठे जायचं, हे सगळं मास्तरणीच्या हातचं. अशा ॲपमध्ये पान बदलल्यासारखं वाटतं, पण खरं तर चौकट तीच राहते. आतला तुकडा काढून दुसरा बसवतात आणि वरचा पत्ता तेवढा बदलतात. माणूस कुठून आला हे ॲप प्रत्येक पावलाला सोबत नेतं. आणि काढलेल्या तुकड्यानं जाताना आपला पसारा आवरून जायचा असतो. त्यानं कॅमेरा बंद करायचा, आवाज बंद करायचा. नाहीतर दिसत काही नाही, पण ते मागे चालूच राहतं. नव्या पोरांना हे शिकवताना ती म्हणे, "खोलीतून निघताना दिवा मालवायची सवय असते ना, तेवढंच."

त्या दुपारी जेवण झाल्यावर तिनं कर्मचाऱ्यांच्या खात्यातून ॲप सहज तपासायला घेतलं. यादी उघडली, अप्पांचं पान उघडलं. अप्पा तोंड उघडं टाकून झोपले होते. तिनं 'मागे' दाबलं.

यादी यायला हवी होती, पण समोर एक खोली आली.

२

आश्रमातल्या सगळ्या खोल्या तिच्या पाठ होत्या. ही त्यातली नव्हती. भिंतींचा रंग तोच, पलंग तोच, पण खिडकी भलत्या बाजूला. चादर ताणून घातलेली, कुणी कधी झोपलंच नसल्यासारखी. दार अर्धवट उघडं आणि दारापलीकडे काळोख, भर दुपारी. वर नावाची जागा कोरी होती. पत्त्याच्या पट्टीत आश्रमाचं नाव, मग एक तिरकी रेघ, आणि तिच्यापुढे काही नाही.

पत्ता चुकला तर 'हे पान सापडलं नाही' असं दिसायला हवं. ते पान तिनं स्वतः बनवलं होतं.

शेजारी टेस्टर बसायचा. नीट चालत्या गाड्यातही तो खोट शोधायचा, म्हणून त्याचं नाव शंकासूर पडलं होतं. तिनं फोन त्याच्यापुढे धरला.

"ही कुठली खोली?" त्यानं विचारलं.

"तेच तुला विचारतेय. नमुन्याचं चित्र टाकलंयस का तू?"

"चित्र नाही हे. ऐक."

तिनं फोन कानाशी नेला. कुणीतरी सपाता घासत चालत होतं. सावकाश. चार पावलं, मग थांबणं, मग पुन्हा. चित्रात कुणी नव्हतं.

तिनं परत 'मागे' दाबलं. आता मुकाट्यानं यादी आली. पण सपातांचा आवाज थांबला नाही. यादीच्या पानाला आवाजच नव्हता, तरी तो येत राहिला. शंकासुरानं भुवया उंचावल्या. "पसारा आवरला नाहीस, मास्तरीण," तो म्हणाला. इतक्या दिवसांत तिची चूक काढायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

ती चिडली. बघायचं म्हणून तिनं यादीतलं हाताला लागलं ते नाव दाबलं. ते गायनमास्तरांचं निघालं. म्हातारे गायनमास्तर खुर्चीत बसून मांडीवर ताल धरत होते. पावलं अजून दोनदा घासली आणि थांबली. गायनमास्तरांचा हात मांडीवरच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"बघ, थांबला आवाज," ती म्हणाली आणि फोन उलटा ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत तिनं सगळा कोड विंचरून काढला. आवरण्याच्या ओळी जिथल्या तिथे होत्या.

३

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. एक पान बंद करायचं होतं. गायनमास्तर झोपेतच गेले.

"बरं झालं म्हणायचं, त्रास नाही झाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "फक्त दार उघडं कसं राहिलं कळत नाही. कडी लावल्याशिवाय झोपायचे नाहीत हो ते."

वृद्धाश्रमात माणसं जातात. तिनं स्वतःला हेच सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ती हिशेबाची बाई होती. एकदा घडलं तो योगायोग, हे तिला मान्य होतं. योगायोग आहे की नाही हे ठरवायला काय करायचं असतं, तेही तिला माहीत होतं.

रिकामी खोली काही दिवसांनी पुन्हा आली. या वेळी अप्पांच्या पानावरून नाही, असंच कुठूनतरी मागे येताना. तीच ताणलेली चादर, तीच घासणारी पावलं. दार मात्र आधीपेक्षा जास्त उघडं होतं. शंकासूर चहाला गेला होता. ती एकटीच होती.

तिला ॲप मिटता आलं असतं. पण उघडल्यावर ते जिथे सोडलं तिथेच उघडायचं. म्हाताऱ्या नातेवाइकांना सोपं जावं म्हणून तिनंच तसं केलं होतं. ती 'मागे' गेली. पावलं सोबत आली. यादीपुढे तिचं बोट थांबलं.

त्या यादीत एक टायपिस्ट बाई होत्या. कुणाशी धड न बोलणाऱ्या. अप्पांच्या रेडिओचा त्रास होतो म्हणून त्यांनी दोनदा तक्रार केली होती आणि मेट्रनबाईंनी अप्पांचा रेडिओ काढून घेतला होता. त्या दिवशी अप्पा लहान मुलासारखे रुसून बसले होते.

तिनं टायपिस्ट बाईंचं नाव दाबलं.

बाई उशीला टेकून भिंतीकडे बघत होत्या. पावलं थांबली. बाईंनी हळूच पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, "चुकलात. ही माझी खोली आहे."

मास्तरणीनं फोन बंद केला. मग उरलेलं काम संपवलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला, तेव्हा तिच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. आपला अंदाज बरोबर निघाला, हे आलं.

४

त्यानंतर तिनं ॲपला हात लावणं सोडलं. तपासण्या शंकासुरावर टाकल्या. त्याला तिनं काही सांगितलं नाही; सांगितलं असतं तर त्यानं पुरावा मागितला असता, आणि पुराव्यात तिचं बोट होतं.

पण ॲप आता घरोघरी गेलं होतं. एके दिवशी सकाळी सकाळी तिचा फोन वाजला. ताई होती.

"अगं, तुझं ते ॲप बिघडलंय का? अप्पांना बघायला गेले तर भलतीच खोली येतेय. रिकामी."

"आत्ता कुठे आहेस तू?"

"मी कुठे असणार? ओट्यापाशी. टॅब्लेट समोर आहे."

"त्या खोलीतच आहेस?"

"खोलीतच आहेस म्हणजे काय? दिसतेय मला खोली. कुणीतरी चालतंय वाटतं. दिसत नाही पण."

"ताई, काही दाबू नकोस. कशालाही हात लावू नकोस."

"अगं पण अप्पांचं नाव दिसतंय खाली, तिथे दाबलं की..."

"दाबू नकोस म्हटलं ना."

धाकट्या बहिणीचा हा आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता.

मास्तरणीनं लॅपटॉप ओढला. डोकं लख्ख चालत होतं, इतकं की तिचं तिलाच नवल वाटलं. ॲप बंद केलं तर ते तिथेच उघडणार. मागे पाठवलं, घरच्या पानावर पाठवलं, तरी पावलं सोबत जाणार. ती फक्त माणसाच्या खोलीत थांबतात. आणि ताईला सगळ्या आश्रमात एकच माणूस दिसतं.

मग दुसरं माणूस दाखवायला हवं.

रिकाम्या पत्त्यावर जो कोणी येईल त्याला थेट अमुक एका खोलीत नेऊन सोडायचं. एका ओळीचं काम होतं. तिनं ओळ लिहिली आणि शेवटी खोलीचा नंबर टाकायच्या जागी थांबली.

कोपऱ्यातल्या खोलीत माळीबुवा होते. उभी हयात दुसऱ्यांच्या बागा फुलवलेला माणूस. पुढेमागे कुणी नाही. त्यांचं पान आजवर बाहेरून कुणी उघडलंच नव्हतं. ते रोज अप्पांजवळ बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. अप्पांना चष्मा लावूनही नीट दिसत नसे.

"अगं, अजून किती वेळ?" ताई म्हणाली. "दार उघडतंय ते."

तिनं माळीबुवांच्या खोलीचा नंबर टाकला. त्या खोलीवरचं कुलूप, म्हणजे परक्यांना न दिसण्याची अट, तेही काढलं. बदल वर चढवला.

"आता रिफ्रेश कर."



"हं," ताई म्हणाली. "आता कुणीतरी म्हातारेबुवा आले. कोण गं हे? छान आहेत चेहऱ्यानं. पेपरची घडी घालतायत." मग थोड्या वेळानं, "कुणाला तरी बस म्हणतायत बघ. पलंगावर सरकून जागा करून देतायत."

"ताई, टॅब्लेट पालथा घाल."

"का?"

"घाल म्हणते ना."

५

माळीबुवा गेल्यावर अप्पांनी पेपर वाचून घ्यायला मेट्रनबाईंच्या मागे लकडा लावला, आणि त्यांना वेळ होईना. एवढं एक सोडलं तर जगात काही अडलं नाही.

शंकासुराला ती ओळ सापडली. तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, ती इतरांच्या टेबलाशी राहायची तसा.

"चुकलेला पत्ता घरच्या पानावर पाठवायचा असतो. हे तूच शिकवतेस. इथे खोली का?"

"तात्पुरतं आहे."

"आणि तीच खोली का?"

"कुणी राहत नाही तिथे."

"तू ही ओळ लिहिलीस तेव्हा राहत होते."

तो कप घेऊन निघून गेला. त्या दिवसापासून तो जेवायला तिच्या टेबलावर बसेना.

ओळ मात्र तिनं काढली नाही. नीट विचार करूनच काढली नाही. रिकाम्या पत्त्यावर जो येईल तो आता माळीबुवांच्या रिकाम्या खोलीत जाणार होता, आणि रिकाम्या खोलीत कुणाचं काय जाणार? रोज एकदा ती ते पान उघडून बघे. उघडी गादी, भिंतीशी खुर्ची, मोठी खिडकी, ऊन. कधी काही ऐकू येत नसे. कधी पावलं येत, खिडकीपर्यंत आणि परत. एकदा खुर्ची भिंतीकडून दाराकडे वळलेली दिसली. दुसऱ्या दिवशी ती पलंगाकडे वळलेली होती. तिला वाटलं, जमलं. कोंडलं आपण त्याला.

झोप लागायला लागली. अप्पांसाठी तिनं नवा रेडिओ घेतला. टायपिस्ट बाई नसल्यामुळे आता कुणाची हरकत नव्हती.

६

मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात होती. बाई खुशीत होत्या.

"तुमच्या अप्पांना हलवलं आज. कधीचे मागे लागले होते, खिडकीपाशी बसायचंय म्हणून. कोपऱ्यातली खोली रिकामीच होती, म्हटलं देऊन टाकू. सामान लागलं सगळं. रेडिओसुद्धा."



"त्यांना बाहेर काढा," ती म्हणाली.

"काय?"

"मेट्रनबाई, त्यांना आत्ताच्या आत्ता त्या खोलीतून बाहेर काढा. मी पाया पडते तुमच्या."

"अहो, खूश आहेत ते. मी आत्ताच दारावरून आले. गप्पा चालल्यायत त्यांच्या."

"कुणाशी?"

"तुमच्याशीच ना? मला वाटलं, कॅमेऱ्यात बघून बोलतायत."

"जा तुम्ही. धावत जा."

ती वर पळाली, लॅपटॉप उघडला, ती ओळ काढली. काढून काही होणार नाही हे तिला काढतानाच कळत होतं. ओळ वाट दाखवते, पोचलेल्याला परत आणत नाही. मग तिनं त्या जागी दुसऱ्या खोलीचा नंबर टाकला. आश्रमातल्या अंध बाईंचा. चढवला. मग तिसऱ्या खोलीचा. शेजारी शंकासूर उभा राहून स्क्रीनकडे बघत होता आणि ती नंबर बदलत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक नंबरामागचं माणूस तिला नावानिशी माहीत होतं.

"मास्तरीण, बास," तो म्हणाला.

फोन वाजला. ताई.

"अगं, अप्पांची खोली बदलली? किती उजेड आहे. मी बघतेय केव्हाची." ताईचा आवाज हलका, आनंदी होता. "कोण आलंय गं भेटायला?"

तिनं पान उघडलं. अप्पा खिडकीपाशी पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून. समोर खुर्ची होती, त्यांच्या गुडघ्यांना जवळजवळ टेकलेली. खुर्चीच्या गादीत मधोमध खळगा पडला होता, माणूस बसल्यावर पडतो तसा. अप्पांनी मान जरा तिरकी केली होती. कमी ऐकू येणारा माणूस समोरच्याचं बोलणं नीट कळावं म्हणून करतो तशी.

"बरं," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "थोरलीला सांगून निघालो असतो." मग, "बरं, बरं. नको तर नको."

त्यांनी सपाता शोधायला पाय पुढे केले.

मेट्रनबाई दारात पोचल्या तेव्हा चित्रात फक्त त्याच हलल्या.

७

ताई आली ती दोन मुक्काम राहिली. रडली नाही. अप्पांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, रेडिओ मेट्रनबाईंना देऊन टाकला, खिडकी लावून घेतली. मास्तरीण दारात उभी होती. आत पाऊल टाकायचं तिला धाडस होत नव्हतं.

"त्या दिवशी मला दुसऱ्या कुणाची खोली का उघडून दिलीस?" ताईनं पाठमोरीच विचारलं.

"चुकून झालं ते."

"मेट्रनबाईंना मी विचारलं त्यांच्याबद्दल. कधी गेले, कसे गेले." ताईनं पिशवीची चेन ओढली. "लहानपणापासून बघतेय मी तुला. तुझ्या हातून चुकून काही होत नाही."

ताईनं पिशवीतून टॅब्लेट काढला आणि पलंगावर ठेवला. स्क्रीन काळी होती. काळ्या स्क्रीनमधून सपाता घासल्याचा आवाज येत होता. सावकाश. चार पावलं, मग थांबणं. आता त्यात दुसरीही पावलं होती, मागून येणारी, जरा अडखळती. ती कुणाची हे दोघींनाही सांगावं लागलं नसतं.

"बंद केला तरी थांबत नाही," ताई म्हणाली. "हा मी परत नेणार नाही. माझ्या घरात नातवंडं आहेत."

"मग काय करू मी याचं?"

ताई तिच्या अंगावरून दाराबाहेर गेली. जाताना थांबली नाही, पण आवाज चढवलाही नाही.

"कुणाच्या दारात सोडायचं ते ठरव," ती म्हणाली. "तुला जमतं ते."